शाळेचा पैसा कुठल्या दारी मागायचा?

फेब्रुवारीच्या शेवटी व्हर्जिनियातल्या, वॉशिंग्टनजवळच्या फेअरफॅक्स काउंटीत घरमालकांना एक पत्र येतं. त्यात घराची गेल्या वर्षीची आणि यंदाची किंमत शेजारी शेजारी छापलेली असते. आकडा वाढलेला दिसला की माणूस क्षणभर सुखावतो आणि पत्र ड्रॉवरमध्ये जातं. कर भरायची वेळ आली तरी फारसं कळत नाही, कारण बँक मॉर्गेजच्या हप्त्याबरोबरच कराचे पैसे एस्क्रोत, म्हणजे वेगळ्या राखीव खात्यात, जमा करत राहते आणि 28 जुलै व 5 डिसेंबरला परस्पर भरून टाकते. कळतं ते पुढे कधीतरी, हप्ता एवढा का वाढला म्हणून आपण बँकेला फोन करतो तेव्हा.

याच सुमाराला शाळेच्या पालक संघटनेचा ई-मेल येतो. बजेटची सुनावणी आहे, शाळांसाठी बोला. काही उत्साही पालक जातात, बोलतात, टाळ्या पडतात. मे महिन्यात बजेट मंजूर होतं आणि पालक म्हणतात, 'आपलं कोण ऐकतंय!'

हे वाक्य मीही म्हणून झालो आहे. पहिल्यांदा सुनावणीला गेलो तेव्हा माझी तक्रार होती की मुलीच्या वर्गात फार मुलं आहेत. काउंटी चालवणाऱ्या सुपरवायझर मंडळापुढे तीन मिनिटं तावातावाने बोललो. त्यांनी ऐकून घेतलं, आभार मानले. घरी येऊन कागदपत्रं वाचायला बसलो तेव्हा लक्षात आलं की एका वर्गात किती मुलं बसवायची, हे ठरवायचा अधिकार त्या मंडळाला नाहीच. पाण्याची तक्रार घेऊन मी वीज मंडळात गेलो होतो. हर्नडन, शँटिली, सेंटरव्हिल या भागांत मराठी घरं बरीच आहेत आणि त्यातल्या अनेकांनी घर घेतलं ते शाळा बघूनच. शाळेचं रेटिंग आपण तोंडपाठ सांगतो, पण शाळेला पैसा कुठून येतो हे विचारलं की गप्प होतो. म्हणून हा लेख.

किल्ली एकाकडे, स्वयंपाकघर दुसऱ्याकडे

काउंटीला आपण सवयीने जिल्हा म्हणतो, पण इथे जिल्हाधिकारी नाही. फेअरफॅक्समध्ये पोलीस, अग्निशमन, ग्रंथालयं, उद्यानं, आरोग्य खातं, शाळा असं सगळं काउंटीच्याच छत्राखाली येतं. जिल्हा परिषद आणि महानगरपालिका एकत्र केली तर जे होईल, तसं काहीतरी. लोकसंख्या साडेअकरा लाखांच्या आसपास, म्हणजे राज्यात सर्वांत मोठी. सरकारी शाळांत सुमारे 1 लाख 80 हजार मुलं शिकतात.

काउंटीचा कारभार दहा जणांचं सुपरवायझर मंडळ बघतं. नऊ जण नऊ विभागांतून निवडून येतात, अध्यक्ष सगळ्या काउंटीतून. रोजचं प्रशासन चालवायला त्यांनी नेमलेला काउंटी एक्झिक्युटिव्ह असतो, म्हणजे आपल्या महापालिका आयुक्तासारखा, फक्त राज्य सरकारने पाठवलेला नव्हे. शाळांसाठी वेगळं स्कूल बोर्ड आहे. त्यात बारा निवडून आलेले सदस्य असतात आणि त्यांच्या हाताखाली सुपरिंटेंडंट, म्हणजे शाळांचा मुख्य प्रशासक. एक विद्यार्थी प्रतिनिधीही बसतो, पण त्याला मत नाही.

गंमत इथून सुरू होते. व्हर्जिनियात स्कूल बोर्डाला कर लावण्याचा अधिकार नाही. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत शाळांचा जिल्हा स्वतःचा कर स्वतः ठरवतो. इथे तसं नाही. स्कूल बोर्डाने वर्षाचा खर्च मांडायचा आणि सुपरवायझर मंडळाकडे हात पसरायचा. मंडळ एक ठोक रक्कम देतं. पण त्या रकमेतून कुणाला किती पगार द्यायचा, ऑर्केस्ट्राचा शिक्षक ठेवायचा की समुपदेशक, हे मंडळाला सांगता येत नाही. कायद्यात शिक्षण, वाहतूक, इमारतींची देखभाल अशा मोठ्या मोठ्या गटांत पैसे वाटून द्यायची सोय आहे. त्यापलीकडे स्वयंपाकघरात सासूबाईंनी डोकवायचं नाही. तिजोरीची किल्ली एकीकडे आणि आज काय शिजवायचं ते दुसरीकडे. ज्यांनी एकत्र कुटुंब पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. सुपरवायझर म्हणतात, 'आम्ही एवढे दिले, तुम्ही नीट वापरले नाहीत.' स्कूल बोर्ड म्हणतं, 'तुम्ही पुरेसे दिलेच नाहीत.' मतदार दोघांचंही ऐकतो आणि गोंधळतो.

हे भांडण तुलनेने नवं आहे. 1992 पर्यंत व्हर्जिनियात स्कूल बोर्डाची निवडणूकच होत नसे, सदस्य नेमले जात. फेअरफॅक्समध्ये पहिली निवडणूक झाली 1995 मध्ये. नेमलेला माणूस नेमणाऱ्याशी फार भांडत नाही. निवडून आलेला भांडतो, कारण त्यालाही लोकांकडून मतं मागायची असतात.

2024 चं उदाहरण घेऊ. इथलं आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होऊन 30 जूनला संपतं आणि ज्या वर्षी संपतं त्याचं नाव घेतं. जुलै 2024 ते जून 2025 म्हणजे '2025 चं बजेट'. त्या वर्षासाठी शाळांनी काउंटीकडे आदल्या वर्षीपेक्षा 25 कोटी 40 लाख डॉलर जास्त मागितले. काउंटीने वाढवून दिले 16 कोटी 50 लाख. आदल्या वर्षापेक्षा भरघोस वाढ, आणि मागणीपेक्षा जवळपास 9 कोटी कमी. काउंटीच्या पत्रकात 'विक्रमी वाढ' आणि पालकांच्या ई-मेलमध्ये 'मोठी कपात' असं दोन्ही वाचलं तर कुणी खोटं बोलतंय असं समजू नका. एक जण गेल्या वर्षापासून मोजतोय, दुसरा मागणीपासून.

एका सेंटचा हिशेब

काउंटीच्या मुख्य खात्यातले निम्म्याहून जास्त पैसे शाळांकडे जातात. 2025 च्या बजेटमध्ये या खात्याचा आकडा सुमारे 5.4 अब्ज डॉलर होता. आणि या खात्यात येणाऱ्या पैशांपैकी साधारण दोनतृतीयांश पैसे घरं, दुकानं, ऑफिसं यांवरच्या प्रॉपर्टी टॅक्समधून येतात. म्हणजे शाळेचं बजेट ही अखेर घरांच्या किमतीची गोष्ट आहे. मुलांचं गणित आणि बापाचं घर एकाच वहीत.

कराचा दर 'किमतीच्या दर 100 डॉलरमागे इतका' असा सांगतात. 2024 मध्ये तो 1.095 वरून 1.125 डॉलर झाला, म्हणजे तीन सेंटची वाढ. ऐकायला किरकोळ. पण 8 लाखांचं घर घ्या. शंभराचे 8,000 तुकडे. प्रत्येक तुकड्यामागे 1.125, म्हणजे वर्षाला बरोबर 9,000 डॉलर. यातला एकेक सेंट तुमच्याकडून 80 डॉलर घेतो. तीन सेंटचे 240. तोच एक सेंट सगळ्या काउंटीत फिरवला की तिजोरीत 3 कोटी डॉलरहून जास्त पडतात. सुनावणीला जायच्या आधी हे दोन आकडे पाठ असावेत: एक सेंट माझे किती, आणि काउंटीचे किती. मग कुणी 'शाळांना आणखी 9 कोटी द्या' म्हणालं की मनातल्या मनात भाषांतर होतं: तीन सेंटच्या आसपास, माझे दोनशे चाळीस. द्यायची तयारी आहे का? असली तर तसंच म्हणा. बहुतेक जण नेमकं हेच म्हणायचं टाळतात.

दर आणि बिल या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे तर कुणीच नीट सांगत नाही. पुढच्याच वर्षी, म्हणजे 2026 च्या बजेटला, दर पाव सेंटने कमी झाला: 1.1225. बातमी आली, कर घटला. पण घरांच्या किमती वाढल्या होत्या. तेच 8 लाखांचं घर समजा साडेआठ लाखांचं झालं असेल, तर बिल झालं 9,541 डॉलर. दर उतरला आणि बिल 541 ने चढलं. व्हर्जिनियाच्या कायद्याला ही चलाखी माहीत आहे. किमती वाढल्यामुळे उत्पन्न ठराविक मर्यादेपेक्षा जास्त वाढणार असेल, तर 'ही प्रत्यक्षात करवाढ आहे' असं जाहीर करून त्यावर वेगळी सुनावणी घ्यावी लागते. ती नोटीस इतक्या रुक्ष भाषेत असते की वाचणारा दुसऱ्या ओळीत झोपतो, पण वाचण्यासारखी खरी तीच.

मग घरमालकालाच का पिळता, दुसरा कर लावा की, असं प्रत्येक सुनावणीत कुणीतरी म्हणतं. इथे व्हर्जिनियाचं आणखी एक वैशिष्ट्य आडवं येतं. या राज्यात काउंटीला तेवढेच अधिकार आहेत जेवढे राज्याने स्पष्टपणे दिले. आयोवातल्या जॉन डिलन नावाच्या न्यायाधीशांनी 1868 मध्ये घालून दिलेला हा नियम, 'डिलन रूल', आजही फेअरफॅक्सच्या मानगुटीवर बसलेला आहे. स्वतःचा आयकर लावू म्हटलं तर लावता येत नाही.

रेस्टॉरंटवरच्या कराची कथा यातूनच घडली. हॉटेलात जेवणाऱ्यांकडून थोडा कर घ्यावा, ही कल्पना काउंटीत जुनी. पण त्यासाठी लोकांचं मत घ्यावं लागे. 1992 मध्ये मतदारांनी ती फेटाळली. 2016 मध्ये पुन्हा मतदान झालं. तेव्हा तर उत्पन्नाचे 70 टक्के शाळांना देऊ असं सांगितलं होतं. तरी नाहीच. 2020 मध्ये राज्याने कायदा बदलला आणि काउंट्यांना मतदानाशिवाय असा कर लावायची मुभा दिली. 2025 च्या वसंतात सुनावण्या झाल्या, रेस्टॉरंटवाल्यांनी जोरदार विरोध केला, आणि मे महिन्यात मंडळाने 4 टक्के कर मंजूर केला. 1 जानेवारी 2026 पासून तो लागू आहे. आधीचा 6 टक्के विक्रीकर धरून आता डोशाच्या बिलावर 10 टक्के कर. दोनदा 'नाही' म्हटलेली गोष्ट तिसऱ्यांदा न विचारता आली, असं काहींना वाटतं, आणि ते अगदीच चूक नाही. पण दुसरी बाजूही आहे. करोनानंतर ऑफिसं ओस पडली, टायसन्ससारख्या भागातल्या रिकाम्या इमारतींची किंमत उतरली, आणि व्यापारी जागा जो भार उचलत होत्या तो हळूहळू घरांवर सरकला. 2025 मध्ये केंद्र सरकारची नोकरकपात सुरू झाली. इथल्या कित्येक घरांची चूल त्याच नोकऱ्यांवर. अशा वेळी एकाच करावर बसून राहणं धोक्याचं, या म्हणण्यात तथ्य होतं. माझं मत विचाराल तर कर योग्य होता, आणण्याची रीत मनाला पटली नाही.

शेजारच्या लाउडन काउंटीत मात्र वेगळंच चित्र. ॲशबर्नमधून गाडी चालवली की खिडक्या नसलेल्या अजस्र इमारतींची रांग लागते. ही डेटा सेंटर्स. त्यांच्या आतल्या संगणकांवर काउंटी कर घेते, आणि ते संगणक दर काही वर्षांनी नवे येत असल्याने कर आटत नाही. तिथला घरांवरचा दर 2013 मध्ये 1.20 डॉलरच्या आसपास होता, 2025 मध्ये 0.805 झाला. फेअरफॅक्समधली मित्रमंडळी हे ऐकून सुस्कारा टाकतात. ॲशबर्नमधली मंडळी त्या इमारतींची घरघर आणि विजेच्या उंच तारांबद्दल सुस्कारे टाकतात. शिवाय एकाच धंद्यावर उभी असलेली तिजोरी किती दिवस निर्धास्त झोपू देईल, ही काळजी तिथल्या सुपरवायझरांना आहेच.

रिचमंडचं तिसरं दार

आतापर्यंत दोन दारं झाली. तिसरं सर्वांत मोठं आणि तिथे गर्दी सर्वांत कमी. ते दार राज्याच्या राजधानीत, रिचमंडमध्ये आहे.

फेअरफॅक्सच्या शाळांच्या चालू खर्चातला सुमारे 70 टक्के पैसा काउंटी देते. देशात सरासरी बघितली तर राज्य सरकारं शाळांच्या खर्चाचा निम्म्याच्या आसपास वाटा उचलतात. इथे राज्याचा वाटा, विक्रीकराचा हिस्सा धरूनही, जेमतेम चतुर्थांश. असं का?

व्हर्जिनिया आधी एक 'किमान दर्जा' ठरवते: इतक्या मुलांमागे इतके शिक्षक, इतके मुख्याध्यापक वगैरे. त्याचा खर्च काढते. मग तो राज्य आणि काउंटी यांच्यात वाटते. कोण किती देऊ शकतं हे मोजायला एक निर्देशांक आहे. त्यात पन्नास टक्के वजन तिथल्या मालमत्तेच्या किमतीला, चाळीस टक्के लोकांच्या उत्पन्नाला आणि दहा टक्के दुकानांतल्या विक्रीला. फेअरफॅक्सचा आकडा 0.65 च्या आसपास येतो. अर्थ असा की किमान खर्चाच्या डॉलरमधले 65 सेंट काउंटीने भरायचे आणि 35 राज्याने. श्रीमंताने जास्त द्यावं, यात गैर काही नाही. राज्याच्या नैऋत्य टोकाच्या कोळसा-खाणींच्या गावांना त्यामुळेच आधार मिळतो.

अडचण निर्देशांकात कमी आणि 'किमान खर्चात' जास्त आहे. तो खर्च वास्तवापेक्षा फार कमी धरलेला आहे. 2023 च्या जुलैमध्ये राज्य विधिमंडळाच्याच तपासणी आयोगाने यावर अहवाल दिला. 2021 च्या आर्थिक वर्षात सूत्राप्रमाणे राज्यभरच्या शाळांना 10.7 अब्ज डॉलर लागायला हवे होते. प्रत्यक्षात खर्च झाले 17.3 अब्ज. मधली दरी बहुतांशी काउंट्या आणि शहरांनी भरली. व्हर्जिनियातल्या शाळांना दर विद्यार्थ्यामागे देशाच्या सरासरीपेक्षा 14 टक्के, म्हणजे सुमारे 1,900 डॉलर, कमी मिळतात, असंही त्यात म्हटलं आहे. दरी एवढी कशी रुंदावली? एक कारण 2009 चं. मंदीत राज्याने शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या खर्चावर टोपी बसवली, म्हणजे कमाल मर्यादा घातली, आणि मंदी ओसरली तरी टोपी कितीतरी वर्षं डोक्यावरच राहिली. तात्पुरतं म्हणून घातलेलं पत्र्याचं छप्पर आपल्याकडेही पंधरा वर्षं टिकतं, तसंच.

लग्नात मुलाकडच्यांनी म्हणावं, 'खर्च निम्मा-निम्मा', आणि खर्चाचा अंदाज काढताना माणसं पन्नासच धरावीत. मांडवात येतात दीडशे. उरलेल्या शंभरांचं जेवण कुणाच्या खिशातून? फेअरफॅक्सच्या घरमालकाच्या.

म्हणून सुनावणीत सुपरवायझरांवर तुटून पडणाऱ्या पालकांना मी विचारतो, जानेवारीत कुठे होतात? विधिमंडळाचं अधिवेशन जानेवारीत सुरू होतं आणि काही आठवड्यांत आटोपतं. त्याच्या तोंडावर फेअरफॅक्सचे आमदार आणि सिनेटर काउंटीच्या गव्हर्नमेंट सेंटरमध्येच एकत्र बसून लोकांचं ऐकतात. रिचमंडला जायचीही गरज नाही. नाताळच्या सुट्टीचा शीण असतो, बाहेर बर्फ असतं, आणि शाळेचं बजेट कुणाच्या डोक्यातही नसतं. सूत्राबद्दल बोलायची ती जागा.

मार्चनंतर वर जाता येत नाही

बजेटचं वर्ष कसं सरकतं ते आता बघू, कारण अर्ध्या निराशेचं मूळ तिथे आहे.

नोव्हेंबरमध्ये दोन्ही मंडळं एकत्र बसून पुढच्या वर्षाचा अंदाज ऐकतात. इतके येतील, इतके लागतील, इतके कमी पडतील. वर्तमानपत्रांत कोपऱ्यात बातमी येते. जानेवारीत सुपरिंटेंडंट शाळांचं बजेट मांडतात, स्कूल बोर्ड त्यावर सुनावणी घेतं आणि फेब्रुवारीत आपली मागणी पक्की करतं. वर्गातली मुलांची संख्या, विषय, बस, शिक्षकांचा पगार, या सगळ्यावर बोलायची खरी वेळ ही. मी एप्रिलमध्ये जे बोललो ते इथे बोलायला हवं होतं.

फेब्रुवारीच्या उत्तरार्धात काउंटी एक्झिक्युटिव्ह संपूर्ण काउंटीचं बजेट मांडतात. आणि मार्चमध्ये सुपरवायझर मंडळ एक गोष्ट करतं जी बाहेर फारशी कुणाला माहीत नसते: कराचा दर 'ॲडव्हर्टाइझ' करतं. म्हणजे यंदा जास्तीत जास्त इतका दर लावू, अशी जाहीर नोटीस. ही नोटीस म्हणजे छत. यानंतर मंडळ दर कमी करू शकतं. त्यापेक्षा वाढवायचा असेल तर पुन्हा नोटीस, पुन्हा सुनावणी, आणि तेवढा वेळ कॅलेंडरमध्ये नसतो. 2024 मध्ये छत चार सेंट वाढीवर बांधलं होतं आणि शेवटी तीन सेंटवर शिक्कामोर्तब झालं.

एप्रिलच्या मध्याला सलग तीन दिवस मोठी सुनावणी होते. माणसांची रांग लागते, एकामागून एक भाषणं होतात. पण तोवर छत बांधून झालेलं असतं. एप्रिलमध्ये उभं राहून 'शाळांना सहा सेंटचे पैसे द्या' म्हणणं म्हणजे जेवणावळ उठल्यावर पुरणाचा आग्रह. कर कमी व्हावा असं ज्यांना वाटतं, त्यांना एप्रिल चालतो. जास्त पैसा हवा असलेल्यांनी मार्चच्या आधी आपल्या विभागाच्या सुपरवायझरला गाठावं. बरेच सुपरवायझर मार्चमध्ये आपापल्या विभागात बजेटवर सभा घेतात. तिथे तीस-चाळीस माणसं असतात, घड्याळ नसतं, आणि उलट प्रश्न विचारता येतो.

मग एप्रिलची सुनावणी नाटक आहे का? नाही. एप्रिलच्या शेवटी 'मार्कअप' नावाची बैठक होते. प्रस्तावित बजेटमध्ये कुठे काट मारायची आणि कुठे परत घालायचे, हे तिथे ठरतं. मोठे आकडे हलत नाहीत, लहान हलतात. एखाद्या केंद्राच्या वेळा, एखादा उपक्रम, काही पदं, अशा लाख-दोन लाख डॉलरच्या गोष्टी एप्रिलच्या आवाजावर वाचू शकतात. मेच्या सुरुवातीला मंडळ बजेट मंजूर करतं. त्यानंतर चेंडू पुन्हा स्कूल बोर्डाकडे. मिळालेल्या पैशांत काय बसवायचं आणि काय गाळायचं, यावर ते मे महिन्यात पुन्हा लोकांचं ऐकतात. सुपरवायझरांपुढे शंभर जण बोललेले असतात. इथे, जिथे खरी कात्री चालते, तिथे खुर्च्या जास्त आणि माणसं कमी.

तीन मिनिटं

बोलायला कोण जाऊ शकतं? इथे राहणारा कुणीही. नागरिकत्व कुणी विचारत नाही. एचवनबीवर असाल, ग्रीनकार्डच्या रांगेत असाल, भाड्याने राहत असाल, तरी चालतं. 'आपण कुठे इथले मतदार' हे कारण मराठी घरांत मी इतक्यांदा ऐकलंय की आता मोजत नाही. मत देता येत नाही म्हणूनच तर बोलायला हवं. तुमच्याकडे दुसरं साधन तरी काय? आणि भाडेकरूनेही असं समजू नये की कर मालक भरतो. भाड्याच्या आकड्यात तो आधीच मिसळलेला असतो.

नाव काउंटीच्या साईटवर आधी नोंदवायचं. प्रत्यक्ष जाऊन बोलता येतं, फोनवरून येतं, व्हिडिओ पाठवता येतो, नुसतं लिहूनही देता येतं. उच्चाराची लाज वाटत असेल तर लिहून द्या, किंमत तीच.

तीन मिनिटांत सावकाश वाचलं तर साडेतीनशे-चारशे शब्दांचा, म्हणजे टाईप केलेला पानभर मजकूर बसतो, त्याहून जास्त नाही. पहिल्या वेळी मी स्वतःची ओळख करून देण्यात चाळीस सेकंद घालवली: कुठून आलो, किती वर्षं झाली, ही काउंटी किती सुंदर आहे. समोरच्यांनी त्या संध्याकाळी ते तिसाव्यांदा ऐकलं असणार. 'शिक्षण महत्त्वाचं आहे' हे वाक्यही सोडून द्या. त्याच्या विरोधात तिथे कुणी बसलेलं नाही. त्याऐवजी नेमकं एक मागा. 'इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठीची पदं कापू नका, माझ्या मुलाला दुसरीत अशाच एका शिक्षिकेने वाचायला शिकवलं, आणि त्यासाठी दर एक सेंटने वाढला तर माझे 80 डॉलर द्यायला मी तयार आहे.' यात मागणी आहे, माणूस आहे, आणि किंमत कोण मोजणार तेही आहे. शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा, कारण पुढचा वक्ता उठून म्हणणार असतो की निवृत्त माणसाला हे घर आता परवडत नाही, आणि तोही खरंच बोलत असतो. पेन्शन वाढत नाही, घराची कागदावरची किंमत मात्र वाढते, आणि कागदावरच्या किमतीने किराणा येत नाही. त्याचं ऐकल्याशिवाय उठून जाऊ नका. आपल्या मुलांचं बोलून झालं की अर्धं सभागृह उठून जातं, हे मला खटकतं.

शाळेच्या खर्चात दर डॉलरमधले 85 सेंटहून जास्त पगार आणि त्याच्या अनुषंगाने येणाऱ्या विमा-पेन्शनला जातात, हेही लक्षात ठेवा. त्यामुळे 'फालतू खर्च कमी करा, शिक्षकांना हात लावू नका' हे म्हणायला सोपं आहे. उरलेल्या पैशांत वीज, बसचं इंधन आणि पुस्तकं आहेत. मोठी बचत करायची म्हटली की शेवटी माणसांवरच येते.

इमारतींचा पैसा या सगळ्यात नाही. नव्या शाळा, जुन्यांची डागडुजी यासाठी काउंटी कर्जरोखे काढते, आणि त्याला नोव्हेंबरच्या मतदानात लोकांची परवानगी लागते. 2023 मध्ये 43 कोटी 50 लाख डॉलरच्या रोख्यांना मतदारांनी होकार दिला. तेव्हा 'नवीन शाळा बांधायला पैसा आहे आणि शिक्षकाला नाही?' हा प्रश्न विचारायच्या आधी थांबा. ते दोन वेगळे डबे आहेत आणि एकातलं दुसऱ्यात ओतता येत नाही.

आणि एक दार राहिलंच. जूनअखेर हिशेब मिटला की दरवर्षी काही ना काही शिल्लक राहते: भरली न गेलेली पदं, अंदाजापेक्षा जास्त आलेलं व्याज. त्या पैशांचं काय करायचं, हे उन्हाळा संपताना 'कॅरीओव्हर' नावाच्या फेरआढाव्यात ठरतं. काउंटीचा वेगळा, शाळांचा वेगळा. काउंटीच्या आढाव्यावरही सुनावणी असते, बोलायला तीच तीन मिनिटं. मुलं नुकती शाळेत गेलेली असतात, घरात गणपतीची गडबड असते. मी गेल्या वेळी फोनवरून बोललो, आरतीच्या आधी.